तीनशे सात पाहुण्यांचा फ्लेक्स

कुलदीपला वर्षपूर्ती साजरी करायची होती, आणि एखादी गोष्ट गुपचूप साजरी करणं त्याच्या रक्तातच नव्हतं!

वर्षपूर्ती कशाची म्हणाल, तर लॉकडाऊनची. आता तुम्ही म्हणाल, लॉकडाऊनची कोणी वर्षपूर्ती करतं का? लोक त्या दिवसांचं नाव काढलं तरी कपाळाला हात लावतात. पण राजुऱ्याहून बल्लारपूरला जाताना पळसफाटा नावाचं जे गाव लागतं, तिथे 'सम्यक फोटो अँड मिक्सिंग' नावाचं दहा बाय बाराचं दुकान आहे. त्याचे मालक श्री. कुलदीप यांचं म्हणणं जगावेगळं होतं.

"तूच सांग," तो बहिणीला म्हणाला, "या रस्त्यावर कोनाचं दुकान वाढलं? बँडवाले आलू-कांदे विकून राह्यले. मंडपवाल्याच्या कनातीखाली बकऱ्या बसून राह्यल्या. आन् आपन? आपन नवीन खुर्ची घेतली!"

"खुर्ची मी घेतली," संघप्रिया स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली. "माही पाठ गेली म्हनून घेतली."

या बहीणभावात कामाची वाटणी फार पूर्वीच झाली होती. कुलदीप फोटो काढायचा आणि बोलायचा. उरलेलं सगळं संघप्रिया करायची. चंद्रपूरला राहून तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि फोटोतल्या माणसाचा चष्मा काढणं, टक्कल झाकणं, बंद डोळे उघडणं या गोष्टी ती चहा पिता पिता करायची. कुलदीप मात्र गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमी करतो." त्या 'आमी'त तो किती आणि ती किती, हे तिने कधी विचारलं नाही. मोठा भाऊ होता, काय विचारणार!

आणि खरं सांगायचं तर वर्ष होतंच तसं अभिमान वाटावा असं. पहिले दोन महिने दुकानाचं शटर वर गेलं नाही. कुलदीप घरी बसून कॅमेऱ्याची काच पुसत होता, इतकी की आई, म्हणजे केसरबाई, एकदा म्हणाली, "अरे, घासून घासून भोक पाडशीन त्याले!" मग ई-पास काढायला लोकांना पासपोर्ट फोटो लागू लागले. तेवढ्यावर चूल पेटत राहिली. आणि एक दिवस वामनराव आले.

वामनराव म्हणजे कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेला, आवाजाने आणि मनाने मोठा माणूस. त्यांच्या करिश्माचं लग्न ठरलं होतं, मुलगा आरमोरीकडचा. परवानगी होती पन्नास माणसांची. आणि वामनरावांचे नुसते चुलतभाऊच पन्नास!

आमच्या भागात लग्नात भाजी खारट झाली तर पाहुणा माफ करतो. पंगतीला तास उशीर झाला तरी माफ करतो. पण ग्रुप फोटोत त्याला घेतलं नाही तर तो नवरदेवाच्या नातवाच्या बारशालासुद्धा येत नाही. वामनराव दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "कुलदीप, कोनी मंचेरियालले अडकलं, कोनी पुन्याले. माही सख्खी बहीन आरमोरीच्या शाळेत क्वारंटाइन आहे. लग्नात नाई त नाई, पन फोटोत तरी या साऱ्यायले बसवून दे बाप्पा!"

"बसवून देतो!" कुलदीप म्हणाला. क्षणभरही विचार न करता म्हणाला, कारण बसवायचं काम त्याचं नव्हतंच.

लग्नाला प्रत्यक्षात बेचाळीस माणसं आली. बाकीच्यांनी मोबाइलवर आपापले फोटो पाठवले. कोणी बाइकवर बसलेला, कोणी आंघोळ करून टॉवेलवर उभा. वामनरावांचा बालमित्र सोमाजी तलावावर मासेमारी करणारा. त्याने पाठवला तो फोटो आठ किलोचा रोहू दोन्ही हातांवर आडवा धरून! आता मंगल परिणयाच्या मंचावर, पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या वधूवरांच्या शेजारी रोहू कसा चालेल? संघप्रियाने मासा काढला. पण हात तसेच पुढे राहिले. मग तिने त्या हातांवर पाच लिटरचा प्रेशर कुकर ठेवला, वर लाल रिबीन बांधली.

वामनरावांच्या बहिणीचा, अंजनाबाईंचा, एकच फोटो सापडला, आधार कार्डावरचा. त्या फोटोत कोण हसतं? संघप्रियाने केसरबाईंना नवं पातळ नेसवून उभं केलं, फोटो काढला आणि त्या धडावर अंजनाबाईंचा चेहरा बसवला. मग अर्धा दिवस खपून त्या चेहऱ्यावर थोडंसं हसू आणलं. भाचीच्या लग्नात आत्या रुसलेली कशी दिसेल, म्हणून.

तरी कुलदीपचं समाधान होईना. "मांगून मंडप खाली दिसून राह्यला ना! भर त्याले!"

संघप्रियाने जुन्या कॉम्प्युटरमधून दोन वर्षांपूर्वीच्या एका लग्नाची जेवणारी गर्दी उचलली आणि मागच्या रांगांत लावून दिली. अकरा दिवसांनी फोटो तयार झाला. त्यात होते तीनशे सात पाहुणे.

वामनराव तो बघून लहान मुलासारखे रडले. मग त्यांच्या नात्यातल्यांनी आपल्या नात्यातल्यांना दाखवला आणि सम्यक फोटोसमोर रांग लागली. वर्षभरात संघप्रियाने किती आत्या, मामा आणि साडभाऊ मंडपात नेऊन बसवले याची गणतीच नव्हती.

तर या वर्षाचा आढावा म्हणून कुलदीपने बारा बाय आठ फुटांचा फ्लेक्स बनवायला सांगितला. मधोमध तोच फोटो, 'करिश्माचा मंगल परिणय, १४ जून २०२०'. वर ठळक अक्षरांत: 'कोरोनातलं एक वर्ष! तुम्ही घरात, आम्ही कामात!' कोपऱ्यात गॉगल लावून स्वतः कुलदीप.

संघप्रियाने विचारलं, "खाली लिहू ना, मिक्सिंग केलेला फोटो म्हनून?"

"येडी आहेस का? जादूगार सांगते का, ससा कुठी लपवला थे?"

"दादा, लोकायले समजन कसं मंग?"

"समजाचं नाईच आहे! यालेच त कला म्हनते!"

इथे संघप्रियाने हट्ट धरायला हवा होता. पण तिच्याकडे तीन लग्नांचे मिळून ऐंशी मामा पडून होते. तिने फ्लेक्स छापायला पाठवून दिला.

बाजाराच्या दिवशी सकाळी फ्लेक्स दुकानावर चढला. कुलदीपने स्टूल टाकून समोर बैठक मारली आणि कौतुक ऐकायला कान तयार ठेवले. पहिल्या तासाभरात दोन बाया, एक सायकलवाला आणि कोळशाच्या ट्रकचा एक क्लीनर थांबून पाहून गेले. मग जीप थांबली.

ती जीप होती पथकाची. मास्क नसलेल्यांना आणि गर्दी करणाऱ्यांना दंड करत हिंडणारं पथक. मार्चात रुग्ण पुन्हा वाढू लागले होते आणि पथकाला वरून झापलं गेलं होतं. जीपमधून पथकप्रमुख उरकुडे साहेब उतरले. डोक्याला टोपी, नाकावर मास्क, मास्कवर आणखी एक मास्क. माणूस म्हणून दिसत होते ते फक्त डोळे. त्या डोळ्यांनी त्यांनी फ्लेक्स डावीकडून उजवीकडे वाचला.

"हे दुकान कोनाचं?"

"आपलंच!" कुलदीप छाती काढून उठला. "कसा वाटला साहेब?"

"जबरदस्त," उरकुडे म्हणाले. "लग्न कधीचं?"

"लिवलं आहे ना! चौदा जून!"

"परवानगी किती मानसायची व्हती?"

"पन्नासची."

"आन् फोटोत किती हायत?"

"तीनशे सात!" कुलदीप अभिमानाने म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की साहेबांच्या मागचा कारकून हे सगळं लिहून घेतोय.

"बहुत चांगलं," उरकुडे म्हणाले. "कायदा मोडाचा आन् वरून त्याचा बोर्ड लावाचा! 'तुम्ही घरात, आम्ही कामात'! दुकान सील करा रे. लग्नाच्या मालकाले बी बोलवा."

कुलदीपच्या पायाखालची जमीन सरकली. समोर एप्रिल-मे, लग्नाचा सीझन! एक अख्खं वर्ष ज्या दुकानाने कोरोनाला दाद दिली नाही, ते वर्षपूर्तीच्या दिवशी बंद पडणार?

"साहेब! साहेब, हे खरं नाई जी! हे सारे मानसं बसवलेले आहेत! मिक्सिंग आहे!"

उरकुडे फ्लेक्सच्या अगदी जवळ गेले. बोट लावून पाहिलं. सावल्या पाहिल्या. "हे मिक्सिंग? मले येडा समजतं का तू? मिक्सिंग केलं त मुंडकी हवेत तरंगते. आमच्या साळ्याच्या अल्बममंदी नवरीले तीन हात आलते. हे मिक्सिंग असूच शकत नाई!"

गेलं वर्षभर कुलदीप ज्या वाक्याची वाट पाहत होता, ते वाक्य अखेर कोणीतरी उच्चारलं होतं. आणि ते ऐकून त्याला रडू येत होतं!

"प्रिया!" तो दुकानात ओरडला. "मूळ फोटो दाखव साहेबायले! बेचाळीस मानसायचा!"

"कुठून दाखवू?" संघप्रिया बाहेर आली. "दिवाळीत तूच म्हनला ना, डिस्क भरली, पाहुन्यायचे तुकडे कायले ठेवतं, उडव सारे."

"मंग यातली एखादी चुकी दाखव! कुठी सावली उलटी असन, कोनाची मान वाकडी असन!"

संघप्रियाने कमरेवर हात ठेवले. "माह्या कामात? मान वाकडी?"

"अवं, एक त असन!"

"एक बी नाई," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "अकरा दिवस बसली मी. वर्षभरात एक दिवस तू म्हनला का, प्रिया, चांगलं केलं? आन् आज भर बाजारात म्हनतं, खोट काढ!"

तेवढ्यात वामनराव धापा टाकत आले, मागे दोघातिघांच्या आधाराने अंजनाबाईही. करिश्माचे दिवस भरत आले म्हणून त्या आरमोरीहून आल्या होत्या. बाजारातली माणसंही हातातल्या पिशव्यांसकट सरकत सरकत जवळ आली. आमच्याकडे वाघ दिसल्याच्या बातमीलाही एवढी गर्दी होत नाही.

"जयभीम साहेब," वामनराव म्हणाले. "बेचाळीसच मानसं व्हते जी. यादी हाय माह्यापाशी."

"यादीत पन्नास लिहाचे आन् तीनशे जेवाले बोलवाचे, हे रोजचंच हाय."

कुलदीपच्या डोक्यात एकदम उजेड पडला. गर्दीच्या कडेला पाटीत मासे घेऊन सोमाजी बसला होता! फ्लेक्सवर कुकर घेऊन उभा असलेला, पण लग्नाला न आलेला सोमाजी! यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

"सोमाजीभाऊ! इकडं या! साहेब, हे पाहा, फोटोतला मानूस. विचारा याले, लग्नाले व्हता का?"

उरकुड्यांनी विचारलं. सोमाजीने फ्लेक्सकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं, आणि मिशीवर हात फिरवला.

"व्हतो ना! फोटोत दिसत नाई का?"

"सोमाजीभाऊ!" कुलदीप किंचाळला. "तुमी त घरी व्हते ना! तलावावर!"

"कायचा घरी? वाम्याच्या पोरीचं लगन आन् मी घरी? कुकर देल्ला मी! पाच लिटरचा!"

"कुठी आहे थो कुकर?" आता वामनरावच पुढे झाले. "माह्या घरी त आला नाई!"

"म्हंजे? मले इच्यारतं? तुह्या घरातल्यायले इच्यार! फोटोत कुकर ढळढळीत दिसून राह्यला, आन् म्हनतं आला नाई!"

सोमाजी खोटं बोलत नव्हता हो! तीच तर पंचाईत होती. त्याच्या घरी देवाच्या फोटोखाली तो फोटो नऊ महिने टांगलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून, वर्णन करून करून, ते लग्न त्याच्या आठवणीत पक्कं जाऊन बसलं होतं. आणि तो एकटाच नव्हता. त्याचं पाहून गर्दीतल्या एकेकाला स्फुरण चढलं.

"मी बी व्हतो! दुसऱ्या रांगेत, हा पाहा!"

"वांग्याची भाजी मस्त झालती. जरा तिखट व्हती, पन मस्त!"

"मले त मुगाची आमटी भेटलीच नाई. आखरीच्या पंगतीत बसलो ना!"

कारकुनाची वही भरत चालली. ज्या पंगती उठल्याच नव्हत्या त्यांतली भाजी तिखट निघत होती, आणि कुलदीप घामाने चिंब होत होता. त्याने शेवटचा उपाय म्हणून अंजनाबाईंकडे धाव घेतली. ही बाई तर त्या दिवशी शाळेत क्वारंटाइन होती, सरकारी रजिस्टरमध्ये नोंद असेल!

"आत्याबाई, तुमी तरी सांगा. तुमी नव्हत्या ना लग्नात?"

अंजनाबाई फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. डोळ्यांवर हात आडवा धरून त्यांनी त्यात स्वतःचा चेहरा शोधला. मग हळूच म्हणाल्या, "शाळेत पंधरा दिवस काढले मी. रोज भिताडाकडं पाहाची. वाटे, पोरीच्या डोक्श्यावर हात बी ठेवाले नाई भेटला. मंग हा फोटो आला. पाहा ना, कशी हासून राह्यली मी." त्यांनी कुलदीपकडे वळून पाहिलं. "असं नोको म्हनू बाप्पा. मी व्हती."

आता कुलदीप काय म्हणणार? दुकान जाणार हे खरं, पण 'तुम्ही नव्हत्या' हे शब्द काही त्याच्याने बोलवेनात. त्याने बहिणीकडे पाहिलं. संघप्रिया पदराने डोळे पुसत होती.

"प्रिया," तो म्हणाला, "चांगलं केलं व तू. लई चांगलं केलं. सील लागलं त लागू दे."

उरकुडे साहेबही जरा घुटमळले. पण कर्तव्य ते कर्तव्य! शिवाय ऊन मी म्हणत होतं. "पानी आहे का?" त्यांनी विचारलं. संघप्रियाने आतून तांब्या आणला. साहेबांनी वरचा मास्क काढला, खालचा मास्क हनुवटीवर ओढला, मान मागे टाकली आणि वरून पाणी प्यायला आ केला.

संघप्रिया टक लावून बघायला लागली.

तो 'आ' तिच्या ओळखीचा होता! मागच्या रांगेतल्या एका माणसाचा 'आ' मिटवायला तिने जूनमध्ये अख्खी दुपार घालवली होती. मिटला नव्हता. शेवटी कंटाळून तसाच सोडला होता.

"साहेब," ती म्हणाली, "एक चुकी आहे माह्या कामात. पाचव्या रांगेत पाहा. निळा शर्ट. तोंडात पुरी."

उरकुड्यांनी पाहिलं. कारकुनाने पाहिलं. गर्दीने पाहिलं. पाचव्या रांगेत, निळ्या शर्टात, तीन वर्षांनी तरुण असे उरकुडे साहेब, एका हातात ताट आणि अर्धी पुरी तोंडात अशा अवस्थेत, १४ जून २०२०च्या लग्नाचा आनंद लुटत होते!

"हा... हा त मी!"

मग सोमाजीने मांडीवर थाप मारली.

"हाव रे! साहेब व्हते ना! माह्या बाजूले जेवत व्हते! मी म्हनलो, साहेब, अजून एक पुरी घ्या!"

"मी बी पाह्यलं!" दुसरा म्हणाला. "पाच पुऱ्या खाल्ल्या साहेबायनं!"

"ड्युटी सोडून आल्ते वाटते!"

"कोन आल्ता? चौदा जूनले मी तेलंगणाच्या नाक्यावर व्हतो! ड्युटीवर!" उरकुडे ओरडले. पण त्यांचाच कारकून त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होता, जशी नजर मघापर्यंत कुलदीपकडे होती. त्याची पेन्सिलसुद्धा हलली. "तू काय लिहून राह्यला बे! बंद कर! हे... हे त अठरा सालचं आहे! माह्या साडभावाच्या पोरीचं लगन! हा फोटो खोटा आहे! साफ खोटा! सारेच्या सारे बसवलेले आहेत!"

"लेखी देता का साहेब?" कुलदीपने अत्यंत नम्रपणे विचारलं.

साहेबांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं: 'सदर फोटो बनावट असल्याची माझी खात्री झाली आहे.' कुलदीपने तो कागद दोनदा वाचला. जीव भांड्यात पडला, पण 'बनावट' हा शब्द मात्र खुपला.

"साहेब, 'बनावट'च्या जागी 'कलात्मक' नाई का लिहिता येनार?"

"दुकान वाचलं ना तुहं? चूप बस!"

गर्दीत एकच हशा पिकला. वामनरावांनी कुलदीपला मिठी मारली, सोमाजीने वामनरावांना. कुकराचा विषय तूर्त मागे पडला. आणि हे सगळं पाहता पाहता उरकुडे साहेबांचे डोळे बारीक झाले.

"थांबा," ते म्हणाले. "थे लगन खोटं व्हतं. पन हे काय व्हय?"

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. खोटी गर्दी खोटी आहे हे ऐकायला जमलेली गर्दी मात्र अगदी खरी होती! रस्त्याच्या त्या कडेपर्यंत माणसं, खांद्याला खांदा, निम्म्यांच्या मास्कचा पत्ता नाही.

"पन्नासच्या वर जमाव! पुरावा घेतो!" साहेबांनी मोबाइल वर केला.

"आमी नाई व्हतो!" पहिला आवाज सोमाजीचाच. "फोटोत बसवलं असन आमाले!"

"मी त घरी आहो!" दुसरा समोर उभा राहून म्हणाला.

आणि बघता बघता माणसं पांगायला लागली. साहेबांनी घाईघाईत फोटो काढला. पाहिला. तोंड वाकडं केलं. पुन्हा काढला. कुलदीपने सवयीने मान लांब करून त्या मोबाइलमध्ये डोकावलं, आणि त्याच्या काळजात कळ आली. उन्हाकडे तोंड करून काढलेला फोटो! सगळे काळेठिक्कर, अर्धे हललेले, एका बाईचा नुसता कोपर!

आता त्याने गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं! तसल्या फोटोवर कोणालाही काडीचा दंड झाला नसता. पण बारा वर्षं कॅमेरा धरलेला माणूस तो.

"साहेब, असं नाई जी! उजेड मांगून येऊन राह्यला ना! सरका, सरका तुमी." तो दुकानात धावला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि स्टुलावर चढला. "चला रे! ग्रुप फोटो!"

ग्रुप फोटो! हा शब्द कानावर पडताच पळणारी पावलं थांबली. आता फोटोत आलो नाही आणि बाकीचे आले तर? एकेक जण परत फिरला. पानठेल्यामागे लपलेले बाहेर आले. हॉटेलातले भजी टाकून आले.

"उंच मानसं मांगं! बाया समोर! सोमाजीभाऊ, पाटी खाली ठेवा... नाई नाई, राहू द्या, मासे दिसू द्या! आत्याबाईले खुर्ची द्या!"

संघप्रियाने आपली नवी खुर्ची बाहेर आणली आणि अंजनाबाईंना मधोमध बसवलं. कोणीतरी करिश्मालाही घेऊन आलं. अंजनाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. वर्षभर संघप्रियाने माणसं कापून कापून एकत्र आणली होती. आज ती आपल्या पायांनी आली होती, एकमेकांचे पाय तुडवत, हसत, ढकलत. तिला इतका आनंद झाला की तीही धावत जाऊन कडेला उभी राहिली.

"मास्क खाली!" कुलदीप गरजला. "चेहरे दिसले पाहिजे! साहेब, तुमचा कारकून बी घ्या ना! आ करू नोका कोनी! रेडी?"

फोटो निघाला. एकाचेही डोळे बंद नाहीत, एकाचीही मान वाकडी नाही. संघप्रियाने तो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला तेव्हा उरकुडे साहेब बोटाने मोजत राहिले. दोनशे एकोणीस! प्रत्येक चेहरा आधार कार्डापेक्षा स्पष्ट!

"असा पुरावा मले आजपर्यंत कोनी देल्ला नाई," साहेब गहिवरून म्हणाले आणि त्यांनी पावतीपुस्तक काढलं. "जमाव तुह्या फ्लेक्सनं जमला, तुह्या दुकानासमोर जमला, म्हनजे पावती तुह्याच नावानं. कुलदीप..." ते एकदम थांबले. पुन्हा स्क्रीनजवळ गेले. पहिली रांग पाहिली, शेवटची पाहिली. "अरे, पन यात तू कुठी आहेस?"

"मी? मी त काढून राह्यलो व्हतो ना जी."

"मंग कसं करू मी? पावती तुह्या नावाची आन् पुराव्यात तूच नाई! वरचे लोक इच्यारन ना मले!"

कुलदीपच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा आशेचा किरण चमकला. तो काही बोलणार, एवढ्यात संघप्रियाने खुर्ची पुढे ओढली आणि माउस हातात घेतला.

"दोन मिनिटं बसा साहेब, दादाले बसवून देते. कोनत्या रांगेत पाहिजे?"